हातचा

फॉर्ममध्ये एक रकाना आहे : उघड्यावर जळणारा कचरा, टनांत.
शेजारी दुसरा : अनिश्चितता, टक्क्यांत.
पहिला रिकामा ठेवता येत नाही.

म्हणून मी आंद्रालानित्राच्या ढिगावर गेले,
वही घेऊन, ऑफिसचे बूट घालून.
नेनी पेर्लिन ढीग उकरत होती.
तिच्या हातात लोखंडी आकडा,
मी आकड्याच्या शोधात.
विचारलं, यातलं जळतं किती?
ती हसली. म्हणाली,
विकलं जात नाही तेवढं.

हे टनांत कसं लिहायचं?

तिचा नातू तूकी टायरमधली तार काढत होता.
तार काढायची तर टायर आधी जाळावा लागतो.
धूर उभा राहिला, वाकला,
भातखाचरांवरून निघून गेला
कुणाला न विचारता.
खोकला तेवढा मागे राहिला.

नोव्हेंबरात मला स्वीडनला पाठवलं होतं,
मोजायचं कसं ते शिकायला, बारा दिवस.
तळ्याकाठचं शहर. साडेतीनलाच दिवेलागण.
काचेच्या खोलीत गुनिला बसलेली,
बाजूला वेलदोड्याचा पाव,
हातात खेळण्याएवढी दांडी.
खाली खड्डा, कितीतरी मजले खोल.
दांडी हलली की पंजा उतरायचा
आणि एका मुठीत
नेनी पेर्लिनचं अख्खं वर्ष उचलायचा.
सोफा. लहान मुलाची गादी. न फोडलेले दुधाचे डबे.
एक सायकल, चांगली होती हो, नुसती पंक्चर.
मी "अगं" म्हणेपर्यंत
भट्टीनं घेतली होती.

गुनिला चांगली बाई.
वुलुलुना हे माझं नाव
तीन दिवसांत नीट म्हणायला शिकली.
रात्री घरी जेवायला नेलं.
न्हाणीघराची फरशी अनवाणी पावलांना ऊबदार लागली.
"हा आपलाच कचरा," ती म्हणाली,
"थोडा शेजारच्या देशाचा. पैसे ते देतात, वर ऊब आपल्याला."

तिच्या देशाच्या तक्त्यात मी तो धूर शोधला.
'कचरा' या मथळ्याखाली जवळजवळ काहीच नाही.
पान उलटलं, 'ऊर्जा'खाली सापडला,
अंघोळ करून, भांग पाडून,
दुसऱ्याच आडनावानं राहत होता.
फसवणूक नाही, नियमच तसा आहे,
प्रशिक्षक म्हणाले, आणि ते खरंच आहे :
ऊब घेतली की जळणाचं खातं बदलतं.
आमच्या धुरानं कुणाची फरशी तापत नाही,
म्हणून तो कचराच.

हॉटेलच्या चिठ्ठीवर मी माणशी भागाकार मांडला.
गुनिलाचं उत्तर दोन ओळींत आलं.
पेर्लिनच्या वाट्याला दशांश चिन्ह,
आणि मग शून्यं,
सार्वजनिक नळावर पिवळे डबे लावून ठेवावेत तशी.

परतीच्या विमानात, वाळवंटावर कुठेतरी,
झोप मोडली : हा धूर कुणाचा?
स्वीडनच्या बेरजेत नाही. आमच्याही नाही.
तळटिपेत नोंदतात, एकुणात धरत नाहीत.
शाळेत बाई ओरडायच्या,
हातचा विसरलीस, वुलुलुना!
आता हातचा मीच होते,
खिडकीशी, पट्टा बांधून, रस पीत.

फॉर्म आज पाठवायचा आहे.
पहिल्या रकान्यात काहीतरी लिहिलंय.
दुसऱ्यात : अधिक-उणे शंभर.
साहेब म्हणतात, इतकी अनिश्चितता बरी दिसत नाही.

त्या दिवशी निघताना पेर्लिननं थांबवलं.
पातेल्याच्या तळाला भाताची खरपुडी धरली होती,
तांबूस, कडेला काळी.
तिच्यावर पाणी ओतून उकळलं, कपात दिलं.
जेवणावर आम्ही हेच पितो.
करपलं म्हणून टाकायचं नसतं, ती म्हणाली.

बूट पुसायला तूकीनं चिंधी दिली.
पुसून झाल्यावर
परत मागून घेतली.